वाचकांचे प्रश्न : आघाडीमागची तात्पुरती धावपट्टी

प्रश्न : ६ जून १९४४ ला दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरले आणि १० जूनला तिथे लढाऊ विमानेही उतरू लागली, असे वाचले. चार दिवसांत विमानतळ कसा उभा राहतो?

उत्तर : जागा हवाई छायाचित्रांवरून आधीच हेरलेल्या होत्या, आणि हँगर, इमारती, काँक्रीट यांतले काहीच करायचे नव्हते. ओमाहा किनाऱ्यावरच्या सें-लोराँ इथली अमेरिकी पट्टी तर ८ जूनच्या संध्याकाळीच वापरात आली. जखमींना तिथून विमानाने इंग्लंडला हलवता आले. १० जूनला ब्रिटिशांच्या बी-३ क्रमांकाच्या पट्टीवर कॅनडाची स्पिटफायर लढाऊ विमाने उतरली, इंधन आणि गोळ्या भरून पुन्हा उडाली.

आधी बुलडोझरने बांध आणि झाडांची कुंपणे काढायची, खड्डे भरायचे, जमीन सपाट करणारा ग्रेडर फिरवायचा, रोलरने दाबायचे. जमेल तिथले गवत राखायचे, कारण मुळे माती धरून ठेवतात. लढाऊ विमानाला ३,६०० फूट लांबी पुरे. बॉम्ब घेऊन उडायचे तर ५,००० फूट लागत. त्यावर तीन इंची चौकोनांची तारेची जाळी गुंडाळीतून सोडायची, ताणायची आणि कडेला खुंट्या ठोकायच्या. ताण कमी पडला की चाकापुढे जाळीला फुगा येतो, तार तुटते आणि टायर फाटतो.

दुसरा पर्याय भोकांच्या पोलादी पत्र्यांचा. एक पत्रा १० फूट लांब, १५ इंच रुंद, ८७ भोकांचा, साधारण ३० किलोचा. दोन माणसे सहज उचलतात. एका कडेचे आकडे शेजारच्या पत्र्याच्या खाचेत अडकवायचे. सांधे विटांच्या थरांसारखे आडवेतिडवे ठेवायचे. पण ५,००० फूट लांब आणि १५० फूट रुंद पट्टीला ६०,००० पत्रे, म्हणजे सुमारे १,८०० टन पोलाद लागते. दारूगोळ्यालाच जहाजे अपुरी असताना ते आणायचे कशातून? म्हणून सुरुवातीला हलकी जाळी.

पत्रा असो वा जाळी, भार शेवटी मातीच पेलते. निचरा नसेल तर चाकाच्या दाबाने चिखल भोकांतून वर येतो, खालची माती पोकळ होते, पत्रे लाटांसारखे हलतात आणि आकडे तुटतात. आमच्या मते पट्टीचे आयुष्य पत्र्यापेक्षा बाजूचे चर ठरवतात.

प्रश्न : पाऊस नसताना तरी काम सोपे असेल ना?

उत्तर : नाही. नॉर्मंडीतली माती पिठासारखी बारीक. ब्रिटिशांच्या टायफून लढाऊ विमानाचा हवा घेणारा झरोका नाकाखाली, जमिनीजवळ. धूळ थेट इंजिनात जाई आणि त्याच्या सिलिंडरमधल्या सरकत्या नळीसारख्या झडपा (स्लीव्ह व्हॉल्व्ह) झपाट्याने झिजत. घाईघाईने धूळगाळण्या तयार करून बसवाव्या लागल्या. पट्ट्यांवर पाणी मारावे लागे, कारण धुरळ्याचे लोट पाहून जर्मन तोफा नेम साधत.

प्रश्न : ईशान्य भारतात घरांच्या कुंपणांना भोकांचे लोखंडी पत्रे दिसतात. ते हेच का?

उत्तर : बहुतेक हेच. ब्रह्मदेश आघाडीच्या धावपट्ट्यांसाठी ते आले आणि युद्धानंतर कुंपणांत, साकवांवर लागले. त्याच आघाडीवर डांबरात भिजवलेले तागाचे गोणपाटही वापरले. पट्टे एकमेकांवर चढवून अंथरायचे, म्हणजे पाणी खाली मुरत नाही. ब्रह्मदेशातला तामू ते कलेवा हा रस्ताही असाच केला होता. या गोणपाटाची उणीव अशी, की एके ठिकाणी फाटले की तिथून पाणी शिरते. भोक दिसताच, दुसरे विमान उतरण्याआधी, ठिगळ लावावेच लागते.