माटोळीची वही

“लहानपणी मला अमुक आवडायचं, पण त्यावर पोट कसं भरणार?” मी करिअर समुपदेशक; पंचविशी-तिशीतली मुलंमुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सतत येतात. त्यामागची धास्ती खोटी नाही. आपल्या गोव्यात घरच्यांचे डोळे सरकारी नोकरीच्या जाहिरातीकडे लागलेले असतात. ती नाही मिळाली तर वेर्णा नाहीतर कुंडईची औद्योगिक वसाहत. त्यात लहानपणच्या आवडीला कोण विचारतो?

सत्तरी तालुक्यातल्या एका तरुणाबद्दल लिहिते, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. बी.कॉम. करून तो एका कारखान्याच्या हिशेब विभागात लागला होता. पगार वेळेवर, साहेब भला, तरी रविवारची संध्याकाळ झाली की त्याच्या पोटात गोळा यायचा. लहानपणी काय आवडायचं, असं विचारल्यावर म्हणाला, “तसं काही नाही, मॅडम. चवथीची माटोळी तेवढी.”

गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधायची, ती माटोळी. हा काकांबरोबर रानात जायचा. कांगणे, घागऱ्या, कवंडळं, आंबाडे, सुपारीचे शिपटे अशी नावं घेता घेता तो खुर्चीत पुढे सरकून बसला. मग एकदम गप्प झाला. “पण ते खरं नव्हतं बहुतेक,” म्हणाला. झाडांचं एवढं वेड आहे तर कुळागर, म्हणजे घरची सुपारी-नारळाची बाग, बघ, असं घरच्यांनी सुचवलं होतं. एक हंगाम त्याने ते केलंही, आणि कंटाळून सोडलं. तेव्हापासून ती आवड म्हणजे पोरपण, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आवडीचा विषय धरला जातो आणि त्या विषयात आपण नेमकं काय करत होतो, हे कोणी विचारत नाही. मी त्याला चवथीचा आदला दिवस सकाळपासून सांगायला लावला. फळं काढायचे काका, बांधायचे थोरले भाऊ. आणि तू? तो ओटीवर वही घेऊन बसायचा. कुठलं फळ, कुणाच्या भाटातलं (बागायतीतलं), ओहोळाच्या अलीकडचं की पलीकडचं, पिकलेलं की कच्चं. चवथ तिथीने येते, कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात. ती लवकर आली की कुठली फळं कच्ची सापडतात, हे त्या वहीवरून त्याला आधीच सांगता यायचं. दहावीचं वर्ष आलं आणि वही बंद पडली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेली, माणसाचा कल आणि कामाचं वातावरण जुळवून पाहण्याची पद्धत आम्ही अजून वापरतो. तिच्यात सहा कल आहेत: हातकामाचा, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पद्धतशीर. ह्याचे शोधक आणि पद्धतशीर हे दोन ठळक निघाले. म्हणजे हिशेबाचं काम अगदीच उलटं नव्हतं. नेटक्या नोंदी ठेवणं त्याला आवडतच होतं, फक्त बिलांच्या नोंदीत त्याचा जीव रमत नव्हता.

अशीच एक मुलगी आली होती, जत्रेतल्या नाटकांचं वेड असलेली. अभिनय करून पाहिला, जमला नाही, म्हणून हिरमुसलेली. बोलता बोलता कळलं, ती विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करायची, कोणाची एंट्री कधी ते सांभाळायची. आज ती एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक सांभाळते आणि त्यात खूष आहे.

माटोळीवाल्या मुलाला मी लगेच राजीनामा देऊ दिला नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातल्या झाडापेडांची, जनावरांची, लोकांच्या माहितीची नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. रविवारी तिथे हात लावू का, एवढंच विचारून ये म्हटलं. तो गेला. वाड्यावरच्या म्हाताऱ्यांपाशी बसून झाडांची नावं, जागा, उपयोग लिहू लागला. संध्याकाळच्या वेळात संगणकावर नकाशे करायला शिकला. रविवारच्या संध्याकाळचा गोळा कमी झाला, हे त्याच्या आधी त्याच्या आईने मला सांगितलं.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडल्यावरच त्याने नोकरी सोडली. सध्या वनस्पतींचं सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेत कंत्राटावर आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी. घरावर कर्ज असतं किंवा दुखण्याचं माणूस असतं, तर नोकरी धरून रविवारचं काम चालू ठेव, असंच मी सांगितलं असतं, आणि तेही मला कमी वाटलं नसतं. वडील अजून जाहिराती कापून ठेवतात. त्यातली एक वन खात्याची होती, ती मात्र त्याने स्वतःहून मागून घेतली.