जमीन राखणाऱ्याला करसवलत मिळते का?

जमीन, झाडं, ओढे जपू पाहणाऱ्या मुंबईकर वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरांतले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा कायदा लागू आहे आणि त्यात क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा अर्ज भरताना तेवढं ताडून पाहा.

प्रश्न : सावंतवाडीजवळ आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे. ऐन-किंजळाची जुनी झाडं आहेत, ती तोडायची नाहीत. अमेरिकेतल्या चुलतभावाने आपल्या जमिनीवर कधीही बांधकाम होणार नाही असं लिहून दिलं आणि त्याला करात मोठी सूट मिळाली. आपल्याकडे असं काही आहे का? (मुलुंड)

तुमच्या भावाने केलं ते तिथल्या कायद्याच्या कलम १७०(एच) खाली. मालकी स्वतःकडे ठेवायची, पण बांधकामाचा हक्क कायमचा सोडून तो जमीन राखणाऱ्या संस्थेच्या किंवा सरकारच्या हवाली करायचा. त्यामुळे जमिनीची किंमत जेवढी उतरते तेवढं दान धरलं जातं. वर्षाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, शेतकऱ्याला १०० टक्क्यांपर्यंत, आणि उरलेली रक्कम पुढची १५ वर्षं ओढता येते. काही भागीदाऱ्यांनी फुगवलेली मूल्यांकनं दाखवून याचा धंदा मांडला, म्हणून २०२२मध्ये त्यांच्या वजावटीला गुंतवणुकीच्या अडीच पटींची मर्यादा घातली गेली.

आपल्या प्राप्तिकर कायद्यात याला जोड नाही. तुम्ही झाडं राखली म्हणून एक रुपयाही वजावट मिळणार नाही. ही उणीव भरून निघायलाच हवी, कारण कोकणात जमीन विकणाऱ्याला गिऱ्हाईक दारात येतं आणि राखणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही.

मात्र जमिनीला कायद्याचं संरक्षण देता येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ३६सी प्रमाणे एखादी व्यक्ती किंवा गाव स्वखुशीने पुढे आलं, तर राज्य सरकार खासगी जमीन ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकतं. त्यानंतर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. सुटी चार एकर घेऊन जाण्यापेक्षा शेजारच्या खातेदारांना आणि ग्रामपंचायतीला बरोबर घ्या. सातबाऱ्यावर भावंडांची, आत्याची नावं असतील तर त्यांची लेखी संमती आधी मिळवा. अशी प्रकरणं अडतात ती बहुधा तिथेच.

प्रश्न : अशी जमीन एखाद्या पर्यावरण ट्रस्टला बक्षीस दिली, तर ८०जी (देणगीवरची करवजावट) मिळेल ना? संस्थेचे लोक ‘हो’ म्हणतात. (बोरिवली)

नाही. ८०जी फक्त पैशाच्या देणगीला आहे. वस्तू, जमीन, शेअर यांना नाही. पैशातही २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही आणि नव्या करप्रणालीत राहिलात तर ही वजावटच नाही. संस्थेने जमिनीच्या किमतीची पावती फाडून दिली तरी ती वापरू नका.

दिलासा एवढाच, की बक्षीसपत्रावर तुम्हाला भांडवली नफ्याचा कर नाही आणि १२एबी नोंदणी (धर्मादाय संस्थेला करसूट देणारी) असलेल्या ट्रस्टलाही मिळालेल्या जमिनीवर कर नाही. खर्च मात्र आहे. मुलांना शेतजमीन देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये, पण ट्रस्टला देताना ते बाजारमूल्यावर लागतं. शिवाय ट्रस्ट शेतकरी नसतो, त्यामुळे कूळकायद्याच्या कलम ६३ची परवानगी आधी काढावी लागते.

नोंदणी झाली की ट्रस्टने ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदल अर्ज) घालून जमीन पीटीआरवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टांच्या नोंदवहीत, चढवायला हवी. याचा आग्रह धरा. एकदा ती तिथे आली की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ट्रस्टला ती विकता येत नाही आणि शेतजमीन दहा वर्षांवर भाड्यानेही देता येत नाही. उद्याचे विश्वस्त कसे निघतील हे कुणी सांगावं? बक्षीसपत्रातच ‘ही जमीन वनाच्छादित ठेवण्यासाठी’ असा हेतू स्पष्ट लिहा.

प्रश्न : आमची संस्था राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात सशुल्क निसर्गफेऱ्या काढते. ऑडिटर म्हणतात, फेऱ्यांचं शुल्क एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेलं तर करसूट जाईल. (गोरेगाव)

ती मर्यादा ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ कामांना आहे. पाणलोट, वनं आणि वन्यजीवांसह पर्यावरणाचं जतन हा कलम २(१५) मध्ये २००९पासून स्वतंत्र धर्मादाय हेतू आहे, त्याला ती लागत नाही. पण संस्थेची घटना काढून बघा. उद्देशात नुसती ‘विविध समाजोपयोगी कामे’ असतील तर अधिकारी तुम्हाला त्याच खान्यात टाकतील. फेऱ्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

प्रश्न : मी नवी खजिनदार. आधीच्या मंडळींनी ठेवी पतसंस्थेत ठेवल्या, खड्डे खणणाऱ्या मुकादमाला एकरकमी ४०,००० रोख दिले आणि १०बीडी (देणगीदारांची माहिती देणारा फॉर्म) भरलाच नाही. कुठून सुरुवात करू? (विक्रोळी)

१०बीडीपासून. मुदत ३१ मेची असते. उशिराला रोज २०० रुपये शुल्क आहे आणि वर १०,००० ते १ लाख रुपये दंड होऊ शकतो. तो भरल्याशिवाय पोर्टलवरून १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) निघत नाही, आणि ते नसेल तर देणगीदाराची वजावट अडते. पैसे त्याने दिले आणि नोटीसही त्यालाच येते, हे फार वाईट आहे. पावतीपुस्तक समोर घेऊन प्रत्येक पॅन अक्षर न् अक्षर ताडा; ‘ओ’च्या जागी शून्य पडलं तरी पुढे सगळं चुकतं.

ट्रस्टने पैसे कुठे ठेवावेत हे सांगणाऱ्या कलम ११(५) मध्ये पतसंस्थेतली ठेव बसत नाही. सहकारी बँक चालते, पतसंस्था नाही. तेवढ्या रकमेवर ३० टक्के कर लागू शकतो, तेव्हा व्याज बुडालं तरी ठेव मोडा.

मुकादमाचे ४०,००० धर्मादाय खर्चात धरले जाणार नाहीत, कारण एका दिवशी एका व्यक्तीला १०,०००वर रोख चालत नाही. करसुटीसाठी उत्पन्नाचे ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्चावे लागतात, ते गणित त्यामुळे घसरेल. ते आताच ऑडिटरसमोर मांडा. यापुढे मजुरांच्या खात्यात थेट पैसे टाका.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ आमच्या ट्रस्टला देणगी देऊ इच्छितो. घ्यावी का? (दादर)

पासपोर्ट भारतीय असेल तर ती परदेशी देणगी नाही, नेहमीच्या खात्यात घ्या. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावून ठेवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असूनही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर त्याला थांबायला सांगा.