वाचकांचे प्रश्न : क्रूझला निघताय? उरलेले पैसे भरण्याआधी करार मागवा

सुट्ट्यांची बुकिंगं सुरू झाली की या सदराकडे क्रूझबद्दलची पत्रं हमखास येतात. बहुतेक पत्रं परत आल्यानंतरची असतात. या वेळी पहिलं पत्र निघण्याआधीचं आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : वकीलताई, आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक, कोल्हापूरला राहतो. लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून जुलैत ग्रीसची क्रूझ ठरवली आहे. अथेन्सजवळच्या पिरिअस बंदरातून निघून मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी आणि सँटोरिनी. पुण्याच्या टूर कंपनीला एक लाख भरलेत, पाच लाख वीस हजार भरायचे आहेत. ओळखीचं एक जोडपं जाऊन आलं, त्यांचं नेमकं सँटोरिनीच रद्द झालं आणि हातात काही पडलं नाही. आमच्यावर तशी वेळ आली तर?

उत्तर : सर, मॅडम, अभिनंदन. आणि पाच लाख वीस हजार अजून तुमच्या खात्यात आहेत हे फार चांगलं आहे. ते भरण्याआधी टूर कंपनीकडे दोन कागद मागा. एक, त्यांच्या स्वतःच्या अटी. दुसरा, जहाज कंपनीचा प्रवास-करार. हा दुसरा कागद कुणी आपणहून देत नाही. लांबलचक असतो, इंग्रजीत असतो, बारीक टायपात असतो. ‘काका, ते कुणी वाचत नाही’ असं तुम्हाला सांगतील. तुम्ही वाचा. सगळा नाही जमला तरी मार्ग बदलण्याचं कलम, रद्द केल्यास किती रक्कम कापणार ते कलम, आणि दावा कुठल्या देशात लावायचा ते कलम, एवढं पेन्सिलने खुणा करत वाचा.

आता सँटोरिनी. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ज्वालामुखीच्या बुडालेल्या मुखात ते उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा वारा जोर धरतो. तो वाढला की कप्तान ते बंदर सोडून देतो. त्याला तो अधिकार करारानेच दिलेला असतो, आणि माझ्या मते तो असायलाच हवा. सत्तरीच्या माणसांना उसळत्या पाण्यात छोट्या बोटीत उतरवण्यापेक्षा सँटोरिनी चुकलेलं बरं. अशा वेळी साधारणपणे त्या बंदराचं शुल्क आणि जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या एजंटाकडून सहल घेतली असेल तर त्याच्या अटी वेगळ्या, त्याही आधी बघा.

पण वारा वेगळा आणि लपवाछपवी वेगळी. जहाज कंपनीने मार्ग आधीच बदलला होता, टूर कंपनीला ते कळलं होतं आणि तरी तुम्हाला सांगितलं नाही, तर ती सेवेतली त्रुटी आहे. म्हणून आजच एक ईमेल पाठवा : ‘आमच्या सफरीचा अंतिम मार्ग आणि प्रत्येक बंदरातली वेळ कृपया लेखी कळवा.’ जाहिरातीचं पत्रक आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. फोनवर काही ठरलं की लगेच ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ असा मेसेज टाका. ग्राहक आयोगासमोर हेच कागद उभे राहतात.

तुमचं खरं बळ हे आहे की पैसे तुम्ही इथल्या कंपनीला दिले आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पावतीच्या खाली ‘सर्व वाद पुणे न्यायकक्षेत’ असं छापलेलं असलं तरी कोल्हापूरच्या जिल्हा आयोगाचं दार तुमच्यासाठी उघडं राहतं. मुदत दोन वर्षांची. तुमच्या रकमेला, म्हणजे पाच ते दहा लाखांच्या टप्प्याला, फी दोनशे रुपये आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावरच पैसे परत करतात.

युरोपातला कायदाही थोडा तुमच्या बाजूने आहे. पिरिअस युरोपीय संघात येतं. तिथून निघताना जहाजाला दीड तासाहून जास्त उशीर होणार असेल तर माहिती, आणि शक्य असेल तिथे खाणंपिणं देण्याची जबाबदारी कंपनीवर असते. फेरीबोटीच्या प्रवाशाला उशिराबद्दल भाड्याचा काही हिस्सा परत मिळतो, तो नियम मात्र क्रूझला लागू नाही. कुणी तसं आश्वासन दिलं तर विश्वास ठेवू नका.

मॅडम, दागिन्यांबद्दल तुम्हाला मुद्दाम सांगते. अथेन्स करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार तुमच्या प्रवासाला युरोपीय नियमांमार्फत लागू होतो. केबिनमधल्या सामानाची भरपाई त्यात माणशी साधारण अडीच लाख रुपयांपर्यंत आहे, पण सोनं आणि रोकड कंपनीच्या ताब्यात सुरक्षित ठेवायला दिली असेल तरच जबाबदारी कंपनीवर येते. केबिनमधली छोटी तिजोरी म्हणजे कंपनीचा ताबा, असं धरून चालू नका. पाटल्या घरीच ठेवा. नेल्याच तर रिसेप्शनला देऊन पावती घ्या. बॅग फुटलेली दिसली तर उतरण्यापूर्वीच लेखी तक्रार द्या. नुकसान नंतर लक्षात आलं तर पंधरा दिवसांत.

व्हिसा : तुर्कस्तान शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा घेऊन कुशादासीला गेलात तर परत ग्रीसमध्ये यायचं कसं, हा प्रश्न उभा राहील. तुर्कस्तानच्या व्हिसाचं काय ते टूर कंपनीकडून लेखी घ्या. आणि विमान अथेन्सला आदल्या दिवशी पोहोचेल असं बघा. जहाज कुणासाठी थांबत नाही. विमान टूर कंपनीच्याच पॅकेजात असेल तर चुकामूक ही त्यांची डोकेदुखी, तुम्ही वेगळं तिकीट काढलंत तर तुमची.

प्रश्न : माझ्या सासूबाई (वय ६८) फ्लोरिडाहून निघालेल्या क्रूझवर डेकवर सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या. जहाजावरच्या डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधून सोडलं, बिल केबिनच्या खात्यावर लावलं. डोंबिवलीत एक्स-रे काढला तर मनगट मोडलेलं. ऑपरेशन करून प्लेट घातली. बुकिंग माझ्या दिरांनी न्यू जर्सीहून थेट जहाज कंपनीकडे केलं होतं. पाच महिने झाले. इथे केस करता येईल का?

उत्तर : हे पत्र वाचून मी संपादकांकडून तुमचा नंबर घेतला आणि त्याच दिवशी फोन केला. इतरांसाठी इथे लिहिते.

अमेरिकी जहाज कंपन्यांच्या करारात बहुधा असं असतं : दुखापतीची लेखी सूचना सहा महिन्यांत, दावा एका वर्षात, आणि तोही मायामीच्या फेडरल कोर्टात. तिथला कायदा कंपन्यांना याहून कमी मुदत ठेवू देत नाही, म्हणून बऱ्याच जणी अगदी एवढीच ठेवतात. कोर्टाचं ठिकाण ठरवून देणारं कलम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वैध ठरवलं. त्या खटल्यातल्या बाईही जहाजावर घसरूनच पडल्या होत्या. राहायच्या पार पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यात, पण त्यांनाही फ्लोरिडाचाच रस्ता दाखवला गेला.

तुमच्याकडे जेमतेम महिना आहे. सूचना आजच धाडा, करारात दिलेल्या पत्त्यावर कुरियरने आणि ईमेलनेही. तारीख, वेळ, डेकचा क्रमांक, पाणी कशाचं होतं, कुणी पाहिलं, सगळं लिहा. जहाजावरच्या दवाखान्याचे कागद आणि अपघाताच्या नोंदीची प्रत मागा. फोटो असतील तर मूळ फाइल पुसू नका. मग दिरांना फ्लोरिडातला समुद्री कायद्याचा वकील गाठायला सांगा. तिथे असे वकील मिळालेल्या भरपाईच्या टक्केवारीवर काम करतात, आधी पैसे मोजावे लागत नाहीत. आपल्याकडे वकिलाला तशी टक्केवारी घेता येत नाही.

डॉक्टरांचा मुद्दा सोडू नका. ‘डॉक्टर आमचे नोकर नाहीत, स्वतंत्र आहेत’ असं सांगून कंपन्या वर्षानुवर्षं सुटत आल्या. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो सरसकट बचाव मोडून काढला. प्रवासविमा असेल तर त्याचा दावाही वेगळा लावा.

प्रश्न : मुंबई-गोवा क्रूझ कंपनीने आदल्या दिवशी ‘तांत्रिक कारणाने’ रद्द केली. आम्ही सहा जण नाशिकहून निघालोसुद्धा होतो. आता एक वर्षाचं व्हाउचर देतायत, पैसे नाहीत म्हणतात.

उत्तर : व्हाउचर स्वीकारू नका, ‘स्वीकारतो’ असं बटणही दाबू नका. सफर त्यांनी रद्द केली, तुम्ही नाही. त्रुटीच्या सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न करणं कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसं स्पष्ट लिहून नोटीस द्या, नाशिक-मुंबई गाडीभाडं आणि हॉटेलचं बिल जोडा. रद्द केल्यास व्हाउचरच मिळेल असं कलम ते पुढे करत असतील आणि ते कलमच अन्याय्य आहे असा तुमचा दावा असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागेल. जिल्हा आयोग करार अन्याय्य ठरवू शकत नाही.

प्रश्न : चढल्या चढल्या सगळ्यांना सुरक्षेच्या कवायतीला बोलावतात म्हणे. आईचे गुडघे दुखतात, तिला इन्सुलिन चालू आहे. ती केबिनमध्ये थांबली तर चालेल का?

उत्तर : नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आदळली. ३२ जण गेले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची सवलत होती. त्या ३२ जणांत मुंबईकडचा एक वेटर होता. इतरांना बोटीत बसवताना तो मागे राहिला, आणि त्याचे अवशेष मिळायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडला. त्याच्यासारखी गोव्याची, वसईची कितीतरी मुलं आज जहाजांवर आहेत. २०१५ पासून नियम बदलला : जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणीच कवायत.

आईंना चालणं जड जातं हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, म्हणजे व्हीलचेअर आणि जमायच्या जागेजवळची केबिन मागता येईल. इन्सुलिन, सिरिंज आणि डॉक्टरांचं औषधाच्या मूळ नावासह पत्र हातातल्या पिशवीत असू द्या. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग केबिनमध्ये यायला कधीकधी रात्र होते. केबिनमध्ये फ्रिज आहे का आणि तो खरंच थंड करतो का, हेही आधी विचारा. नुसताच मिनीबार असेल तर इन्सुलिन जहाजाच्या दवाखान्यात ठेवायची सोय मागा.