केस लिस्टमधून नाव काढलं की झालं?

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. अमेरिकेत रेसिडेन्सी संपवून एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून लागले आहे. स्पेशालिस्ट म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाच्या तोंडी परीक्षेसाठी वर्षभराच्या केसेसची यादी द्यायची आहे. नावांऐवजी आद्याक्षरं आणि जन्मतारीख जोडून कोड केलाय. तरी सीनियर म्हणतात, प्रत्येक पेशंटची परवानगी घे. खरंच लागते का? आणि एक-दोन केसेस गाळल्या तर?

उत्तर : डॉक्टर, सह्या गोळा करत फिरू नका. पेशंटच्या माहितीची गोपनीयता जपणारा अमेरिकेतला 'हिपा' कायदा १९९६चा. त्यातले गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३पासून पाळावे लागतात. डॉक्टरांची पात्रता तपासणं, सर्टिफिकेशन ही कामं त्यात 'हेल्थ केअर ऑपरेशन्स'मध्ये, म्हणजे आरोग्यसेवेच्या कामकाजातच धरली आहेत. त्यांना पेशंटची लेखी परवानगी लागत नाही. शिवाय ओळख पूर्ण पुसलेल्या माहितीला ते नियम लागूच होत नाहीत, आणि तुमचं बोर्ड यादी तशी पुसूनच मागतं.

तुमची यादी मात्र पुसलेली नाही. नियमात काढून टाकायच्या १८ गोष्टी दिल्यात. त्यांतल्या काही : नाव, फोन, केसपेपरचा नंबर, आणि वर्ष सोडून पेशंटशी जोडलेल्या सगळ्या तारखा. म्हणजे '३ मार्चला सिझेरियन' नको. 'चार दिवस दाखल' चालेल. कोडही पेशंटच्याच माहितीतून काढलेला चालत नाही, तेव्हा तुमची आद्याक्षरं तिथेच बाद. सरळ १, २, ३ घाला. कुठला नंबर कोणाचा, ती फाइल हॉस्पिटलच्या सिस्टिममध्येच राहू दे, घरच्या लॅपटॉपवर नको. आणि एक्सेलमधला कॉलम 'हाइड' केला म्हणजे गेला असं नाही. पगाराचे असे 'लपवलेले' कॉलम लोक मलाही बिनधास्त पाठवतात!

केस गाळायची नाही. ओळख पुसायची होती म्हणून वगळली, ही सबब बोर्ड मानत नाही. गाळावीशी वाटतेय ती नेमकी गुंतागुंत झालेलीच केस आहे का, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. छोट्या गावात तिळं झालं तर नाव न लिहिताही ती बाई कोण ते सगळ्यांना कळतं, हे खरं. तरी ती केस यादीत राहील. फक्त नवऱ्याचा धंदा, माहेरचं गाव असला मजकूर नको.

सीनियरशी वाद घालू नका. तुमच्या हॉस्पिटलातही प्रायव्हसी ऑफिसर नेमलेला असणार. त्यांना ईमेल करा, कॅन्टीनमध्ये गाठून तोंडी विचारू नका. नोकरी बदलायचं मनात असेल तर यादी राजीनाम्याआधीच पुरी करा. लॉगिन बंद झालं की जुन्या नोंदींसाठी रेकॉर्ड विभागाच्या विनवण्या करत बसावं लागेल.