कंपन्या राजकीय हालचाली, सामाजिक जबाबदारी आणि जाहीर भूमिका यांचा समतोल कसा साधतात?

बहुतेक कंपन्या तो साधतच नाहीत. समतोल साधायचा तर तिन्ही गोष्टी कोणा एकाच्या नजरेखाली असाव्या लागतात. प्रत्यक्षात सामाजिक जबाबदारीचे काम एक विभाग पाहतो, सरकारशी बोलणी दुसराच विभाग करतो, आणि एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर जाहीरपणे बोलायचे की नाही हे कर्मचाऱ्यांचा किंवा ग्राहकांचा दबाव वाढल्यावर ऐनवेळी ठरते.

मी अकरा वर्षे एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागात होतो. नदीतील गाळ काढणे, काठावर झाडे लावून ती जगवणे, शाळांना पाणी तपासण्याचे संच देणे असा आमचा कार्यक्रम होता आणि ते काम दिखाऊ नव्हते, हे मी आजही ठामपणे सांगेन. त्याच काळात सरकारने कारखान्यांच्या सांडपाण्याचे निकष कडक करणारा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला. आमच्या उद्योग संघटनेने त्याला कसून विरोध केला. तिच्या निवेदनात आमच्या कंपनीचे नाव कोठेही नव्हते; ते तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद मात्र आमच्याच एका संचालकांकडे होते. वार्षिक अहवालाची जुळवाजुळव करताना संघटनेच्या वर्गणीचा आकडा माझ्यासमोर आला, तेव्हा तो नदीच्या संपूर्ण अंदाजपत्रकाहून मोठा निघाला. या दोन्ही गोष्टी अहवालात समोरासमोरच्या पानांवर छापाव्यात, असे मी बैठकीत सुचवले. “तो आपल्या खात्याचा विषय नाही,” एवढेच उत्तर माझ्या वरिष्ठांनी दिले.

त्यांच्याशी माझा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा १९७० चा लेख हा त्यांचा हुकमी आधार: खेळाचे नियम पाळून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. परंतु जो खेळाडू नियम लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसून ते आपल्या सोयीने बदलून घेतो, त्याला हा आधार घेता येत नाही, हे त्यांनी कधीच मान्य केले नाही.

२०२२ मध्ये फ्लोरिडात डिस्नेची कोंडी झाली, तिचे मूळही मला याच फारकतीत दिसते. शाळांतील लैंगिक कल आणि लिंगभाव यांविषयीच्या शिकवणीवर बंधने आणणाऱ्या विधेयकावर कंपनी आधी गप्प राहिली. विधेयकाच्या पाठीराख्यांना तिने देणग्या दिल्या होत्या यावरून कर्मचारी संतापले. मग तिने विरोध जाहीर करून तेथील राजकीय देणग्या थांबवल्या, आणि राज्य सरकारने तिच्या परिसराला मिळालेला विशेष प्रशासकीय दर्जा काढून घेणारा कायदा केला. याउलट अ‍ॅपलने २००९ मध्ये हवामानविषयक धोरणावरील मतभेदामुळे यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या अमेरिकेतील मोठ्या उद्योग संघटनेचे सदस्यत्वच सोडले. भूमिका म्हणावी ती याला.

म्हणून कंपनीची निवेदने वाचण्यात वेळ घालवू नका. ती कोणत्या संघटनांची सदस्य आहे आणि त्या संघटना सरकारकडे काय मागत आहेत, ते पाहा. तुम्ही स्वतः अशा विभागात असाल, तर वर्गणीचा आकडा पहिल्याच वर्षी मागून घ्या. माझ्यासारखी वाट पाहू नका.

माझा अनुभव एकाच कंपनीचा आहे, हे मान्य. लहान उद्योगांकडे लॉबिंगला पैसाच नसतो, त्यामुळे त्यांना हे लागू होणार नाही. पॅटागोनिया या अमेरिकी कपडे कंपनीचे उदाहरणही कोणी देऊ नये, कारण २०२२ मध्ये संस्थापक कुटुंबाने मालकीच न्यास आणि ना-नफा संस्थेकडे सोपवली. ज्यांना दर तिमाहीला भागधारकांना तोंड द्यावे लागते, त्यांना ती वाट मोकळी नाही. संघटनेतून बाहेर पडलो तर आतून बोलण्याची सोयही जाईल, हा माझ्या वरिष्ठांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. फक्त आतून ते काय बोलले, हे मला कधी कळले नाही.

त्या वर्षीच्या अहवालात नदीला सहा पाने मिळाली. संघटनेची वर्गणी ‘इतर प्रशासकीय खर्च’ या शीर्षाखाली गेली, आणि ते शीर्षक मीच टंकित केले होते.