एकरी सारखे तास वाटूनही टेलवाले का ओरडतात? नहराच्या पाळीचं नियोजन कसं करावं?

तुमचा हिशोब वाचला, मायनरवर (नहराच्या छोट्या फाट्यावर) १०० एकर, आवर्तन (पाणी सुटण्याची एक फेरी) १४ दिवसांचं, म्हणजे ३३६ तास, एकरी ३ तास २० मिनिटं सगळ्यांना सारखी, तरी टेलवाले, म्हणजे शेवटच्या टोकाला शेत असलेले, म्हणतात पाणी पुरत नाही. बरोबरच म्हणून राहिले ते. सारखे तास म्हणजे सारखं पाणी नाही ना भाऊ.

मी राहतो नागपुरात पण शेती मौद्याकडे, पेंचच्या नहरावर, आणि आमचं शेत टेललाच, तेव्हा हे भोगलेलं आहे. मातीची चारी रस्त्यात पाणी पिते, उंदरांची बिळं, फुटके बांध, गवत. हेडला, म्हणजे सुरुवातीच्या तोंडाला, १ क्युसेक (सेकंदाला साधारण २८ लिटर) सुटलं तर आमच्यापर्यंत येईस्तोवर पाऊण पण राहत नाही. आणि १ क्युसेक एक तास चाललं तर एका एकरात साधारण एक इंच पाणी बसतं, हे गणित पाठच करून ठेवा, लई कामाचं आहे. त्याच तासात टेलवाल्याला पाऊण इंच पण मिळत नसेल तर झिरपलेल्या पाण्याचा सगळा भुर्दंड त्याच्या एकट्याच्या डोक्यावर बसला.

म्हणून आधी मोजा. फ्लूम (चारीत बसवायचं पाणी मोजायचं साधन) नसेल तर चारीचा दहा मीटर सरळ तुकडा पकडा, संत्रं सोडा (हसू नका, संत्रं बरंचसं बुडून चालतं म्हणून वाऱ्यानं भरकटत नाही, आणि नागपुरात त्याचा काय तोटा), किती सेकंद लागले ते घड्याळात बघा. दहाला सेकंदांनी भागा, त्याला पाण्याची रुंदी न् खोली मीटरमध्ये गुणा, आणि वरचं पाणी जास्त पळतं म्हणून आलेल्या आकड्याचे ८५ टक्केच धरा. हे घनमीटर झाले, हजारानं गुणलं की सेकंदाला किती लिटर ते कळतं. २८ लिटर म्हणजे १ क्युसेक. हेड, मध्य, टेल तिन्ही जागी करा, आणि दोन्हीकडच्या माणसांना उभं करून करा, नाहीतर नंतर कोणी मानत नाही.

समजा हेडला १, मध्ये ०.८५ आणि टेलला ०.७ आलं, आणि जमीन ३५, ३५ न् ३० एकर आहे. मग एकरी हेडला २ तास ५० मिनिटं, मध्ये ३ तास २० मिनिटं, टेलला ४ तास. बेरीज करून बघा, ३३६ च्या आतच बसते आणि प्रत्येक एकरात पावणेतीन इंचाच्या वर पाणी जातं. हेडवाले म्हणतील आमचा अर्धा तास काऊन कापला, त्यांना तासांचा नाही, इंचांचा कागद दाखवा.

सुरुवात टेलकडून करा. पाणी वापर संस्थांचा २००५ चा कायदा पण टेलपासून हेडकडे द्यायलाच सांगतो. कोरडी चारी भरायला जो वेळ जातो तो कोणाच्याच पाळीत धरू नका, आधीच ३३६ मधून वजा करा, वरच्या उदाहरणात तो धरलेला नाही.

धानात अजून एक भानगड, एका बांधीतून (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातून) दुसऱ्या बांधीत पाणी सोडायची सवय. वरचा स्वतःची पाळी संपली तरी खालच्याच्या पाळीचं पाणी आपल्या बांधीत उभं ठेवतो आणि तासांचा हिशोब गेला खड्ड्यात. शेतचारी, म्हणजे प्रत्येकाच्या शेताला वेगळं पाणी नेणारी चारी, काढल्याशिवाय तिथं कोणताच तक्ता चालत नाही, खरं सांगतो.

आवर्तनं किती मिळणार हे १५ ऑक्टोबरच्या धरणसाठ्यावर ठरतं, आणि पेंचमधून नागपूर शहराला पिण्याचं पाणी आधी जातं, म्हणून तक्ता दोन करून ठेवा, एक पूर्ण आवर्तनांचा, एक एखादं कमी धरून. रात्रीची पाळी दरवेळी त्याच माणसावर येऊ देऊ नका, पुढच्या आवर्तनात सगळा तक्ता १२ तासांनी सरकवा. पंजाब-हरियाणातल्या वारबंदीत (तिथली ठरलेल्या वार-वेळेच्या पाळीची पद्धत) वर्षातून एकदा सरकवतात, पण आपल्याकडं थंडीत रात्री दोनला नाका (चारीतून शेतात पाणी घ्यायचं तोंड) फोडायला एकच माणूस वर्षभर जाणार नाही.