‘आई की बाबा?’ हा प्रश्न मुलांना कोर्टाच्या आधीच पडतो

घटस्फोटाचं ठरत आलं की बहुतेक आईबाप मला एक प्रश्न विचारतातच. मुलाला न्यायाधीशांसमोर उभं करून ‘आई हवी की बाबा?’ असं विचारतात का?

मध्यंतरी एक आई हीच धास्ती घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी अकरा वर्षांची. आदल्या रात्री आईनं असगर फरहादींचा ‘अ सेपरेशन’ हा २०११चा इराणी चित्रपट पाहिला होता. त्यातल्या बायकोला मुलीसाठी देश सोडायचा असतो, पण अल्झायमर झालेल्या वडिलांना सोडून जायला नवरा तयार नसतो. शेवटी न्यायाधीश मुलीलाच निवड विचारतात. “मॅडम, माझ्या पोरीवर ही वेळ आली तर?” एवढं बोलून ती रडायला लागली.

कायद्याचं आधी सांगते. आपल्याकडे १८९०च्या पालक व पाल्य कायद्यानुसार मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालय त्याची इच्छा विचारात घेऊ शकतं. पण निर्णय होतो तो मुलाच्या हिताचा विचार करून. त्याची इच्छा हा त्यातला एक भाग. न्यायाधीश अनेकदा मुलाशी आपल्या दालनात बोलतात. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. आणि परस्पर संमतीनं अर्ज करताना दोघांनी ताब्याचं आधीच नीट ठरवलं असेल, तर मुलाला बोलवायची वेळ सहसा येत नाही.

हे ऐकून आई जरा सावरली. मला मात्र त्याच चित्रपटातली आधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बाप अडचणीत येतो तेव्हा ती मुलगी त्याला वाचवण्यासाठी न्यायाधीशांशी खोटं बोलते. तिला कुणीही पढवलेलं नसतं. मोठ्यांना काय हवंय, ते ती ओळखते.

या मुलीशी बोलले तेव्हा तेच दिसलं. रविवार बाबांकडे जायचा. घरी आल्यावर आई विचारायची, “जेवायला काय दिलं? कोण आलं होतं?” बाबा विचारायचे, “आई माझ्याबद्दल काय म्हणते?” मुलगी म्हणाली, “आईला सांगते की तिकडे कंटाळा येतो. बाबांना सांगते की घरी कंटाळा येतो.” तिला दोन्हीकडे मजा येत होती, आणि तेच बोलायची चोरी होती!

मग बाबांनाही बोलावलं. ते ताठ बसले होते, पण लेकीचं वाक्य ऐकल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीत दोघांनी मिळून तिला सांगितलं, “कुठे राहायचं ते आम्ही ठरवणार. ती जबाबदारी तुझी नाही. तुला काय आवडतं, कशाचा त्रास होतो, ते मात्र सांगत जा.” तिनं लगेच सांगितलं: शाळा बदलायची नाही, आणि मे महिन्यात आजीकडे जायचंय. या दोन्ही गोष्टी संमतीच्या अटींमध्ये लिहिल्या गेल्या.

तुमच्या मुलाला न्यायाधीशांनी बोलावलंच, तर उत्तरं पाठ करून घेऊ नका. ‘तुला जे वाटतं ते सांग, आम्ही दोघंही रागावणार नाही,’ एवढं सांगा. बाहेर आल्यावर ‘आत काय बोललास?’ असं विचारूही नका.